मोठीच्या दातांवरचे डाग आणि धाकट्याचं पाणी

पत्र : डॉक्टर मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी मोठी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. तिच्या वरच्या समोरच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे आहेत, दोन दातांना बारीक खड्डेही पडलेत. दोन वेळा घासते, तरी जात नाहीत. तालुक्याला एका दवाखान्यात दात साफ करून आणले. सहाशे रुपये गेले, पट्टे तसेच. आता ती हसताना ओढणी तोंडाशी धरते. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या घराण्यात असे दात नाहीत, हे तुझ्या माहेरचं.’ गावात शाळेजवळच्या बोअरचं पाणी सगळेच पितात. ग्रामपंचायतीनं तपासलं तेव्हा ‘पिण्यास योग्य’ असं आलं होतं. पण मुलीसारखे दात गावात बऱ्याच पोरांचे आहेत. आता आम्ही पाणी उकळून, गाळून देतो. धाकटा चौदा महिन्यांचा आहे, त्याचे दात पांढरेशुभ्र आहेत. मुलीचे दात कशानं साफ होतील? पुढं लग्नाला अडचण येईल का? — एक आई

उत्तर :

ताई,

तुम्ही विचारलंत मोठीबद्दल, पण मी सुरुवात धाकट्यापासून करते. मोठीच्या दातांवरचे डाग बहुधा पाण्यातल्या फ्लोराइडचे आहेत. फ्लोराइड म्हणजे खडकातून पाण्यात उतरणारा एक खनिज घटक. तिच्या दातांवर जे व्हायचं ते होऊन गेलंय, त्याच्यावर आपण सावकाश उपचार करू शकतो. धाकट्याचं मात्र आत्ता, या महिन्यात घडतंय.

बाळाच्या तोंडात आज दिसतात ते दुधाचे दात. पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग दुधाच्या दातांवर सहसा फारसे उमटत नाहीत, त्यामुळे ते पांढरे आहेत यावर विसंबू नका. त्याचे कायमचे दात हिरडीच्या आत, जबड्यात तयार होतायत. वरच्या मधल्या दोन दातांवर वरचा कडक थर, म्हणजे इनॅमल, चढायला सुरुवात होते तेव्हा बाळ तीन-चार महिन्यांचं असतं. तो थर पुरा व्हायला चार-पाच वर्षं जातात. मागच्या दाढांचं काम सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. या वर्षांत पोटात जास्त फ्लोराइड गेलं की इनॅमल नीट पिकत नाही, आतून सच्छिद्र राहतं. मग सहाव्या-सातव्या वर्षी दात बाहेर येतो तो खडूसारखा पांढुरका. पुढे त्या छिद्रांत रंग मुरत जातो आणि पिवळे, तपकिरी पट्टे दिसायला लागतात. समोरच्या दातांसाठी सगळ्यात नाजूक काळ पहिल्या तीन वर्षांचा. तुमचा मुलगा नेमका त्यात आहे.

म्हणून मुलीच्या दातांसाठी जे पैसे बाजूला काढले असतील, त्यातले पहिले बाळाच्या पाण्यावर खर्च करा. मुलीचे दात सहा महिने थांबले तरी बिघडणार नाही.

आता हे फ्लोराइडचंच आहे का, ते घरी थोडंफार पाहता येतं. मुलीला सकाळच्या उजेडात दारात बसवा. स्वच्छ सुती फडक्यानं वरचे दात टिपून कोरडे करा आणि ओठ वर धरून नीट बघा. ओल्या दातावर न दिसणाऱ्या रेघाही कोरड्या दातावर दिसतात. दाताच्या रुंदीभर आडव्या, पाटीवर खडूनं ओढल्यासारख्या रेघा असतील, आणि उजवीकडच्या दातावर जसं आहे तसंच डावीकडच्या जोडीदार दातावर असेल, तर फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडनं दात बिघडल्याची, शक्यता खूप मोठी. एका वेळी घडलेल्या दोन्ही दातांवर एकसारखी खूण राहते. कीड अशी जोडीनं येत नाही. ती बहुधा हिरडीलगत किंवा दोन दातांच्या फटीत, एखाद्या दाताला धरते आणि तिथला भाग मऊ लागतो. आणखी एक आठवून बघा : मुलीचे हे दात आले तेव्हाच पांढुरके, निस्तेज होते का? आई सहसा सांगते, ‘हो, आले तेव्हा चुन्यासारखे होते, मग पिवळे पडले.’ पक्कं निदान दंतवैद्यानं बघूनच करायचं, पण गावात बऱ्याच पोरांचे दात असेच आहेत, हे तुमचं एक वाक्य माझ्या लेखी फार मोलाचं आहे.

त्या वाक्यातच सासूबाईंना उत्तर आहे. हे माहेरचंही नाही आणि सासरचंही नाही. एका बोअरवर वाढलेल्या, नात्यागोत्यात नसलेल्या पोरांचे दात सारखे दिसतात, ते पाण्यामुळे. असे डाग रक्तातून पुढच्या पिढीत जात नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. तुमची लेक उद्या जिथे नांदेल तिथलं पाणी चांगलं असेल तर तिच्या मुलांचे दात स्वच्छ येतील. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलंच तर हेच सांगा, मान वर करून सांगा.

अशीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडली होती. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना टाकायला गेला, तर तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग. लोक म्हणत, डुकराचं मांस फार खाल्ल्यानं होतं, दूध वाईट असल्यानं होतं. मॅकेनं वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातल्या ओकली गावी गेला. तिथल्या आयाबापांनी सांगितलं, दूरच्या गरम झऱ्यावरून गावात नळ आला आणि त्यानंतर पोरांच्या दातांवर डाग पडायला लागले. झऱ्याच्या पाण्यात मॅकेला वावगं काही सापडलं नाही. तरीही त्यानं सल्ला दिला, हा नळ बंद करा, जवळचा दुसरा झरा वापरा. गावानं ऐकलं. काही वर्षांतच लहान पोरांचे कायमचे दात स्वच्छ यायला लागले. डागांचं कारण फ्लोराइड आहे हे त्यानंतर, १९३१ मध्ये कळलं. कारणाचं नाव माहीत नसतानाही त्या गावानं धाकटी पोरं वाचवली. आपल्याला तर नाव माहीत आहे, मोजायची सोय आहे.

आता तुमच्या ‘पिण्यास योग्य’ अहवालाबद्दल. तो कागद खोटा असेलच असं नाही. पाण्याच्या तपासण्या दोन असतात. एक जैविक, म्हणजे पाण्यात जुलाब-कावीळ करणारे जंतू आहेत का ते बघायची. दुसरी रासायनिक, तिच्यात फ्लोराइड, नायट्रेट, क्षार वगैरे मोजतात. आपल्याकडे गावकऱ्यांच्या कानावर बहुतेक वेळा पहिलीचाच निकाल पडतो. पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकली, जंतू मेले, पाणी योग्य ठरलं. टीसीएलनं फ्लोराइड कणभरही कमी होत नाही. तेव्हा ग्रामसेवकाकडे जाऊन स्पष्ट शब्दांत मागा : ‘शाळेजवळच्या बोअरचा रासायनिक तपासणीचा अहवाल दाखवा, त्यात फ्लोराइडचा आकडा कुठे आहे ते दाखवा.’ हा अहवाल बघायला मागणं तुमचा हक्क आहे.

अहवाल नसेल किंवा जुना असेल तर नमुना नव्यानं पाठवायला लावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि काही उपविभागांच्या ठिकाणी आहेत, गावातला जलसुरक्षक नमुना पोहोचवतो. बाटली प्लास्टिकचीच घ्या, काचेची नको, फ्लोराइड काचेशी खेळतं. त्याच पाण्यानं ती दोन-तीनदा विसळा. हापसी किंवा मोटर पाच मिनिटं चालू देऊन मग भरा आणि बाटलीवर कुठलं पाणी, कोणत्या तारखेचं ते लिहा. नुसतं त्या एका बोअरचं पाणी पाठवू नका. गावची जुनी विहीर, दुसरी हापसी, शेतातली विहीर, जिथून म्हणून कुणी पाणी पितं ते सगळं पाठवा. शेजारशेजारच्या दोन बोअरच्या आकड्यांत चांगलाच फरक पडलेला मी पाहिलाय. खडकातल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ खडकात राहिलेलं, तितकं ते जास्त उतरण्याची शक्यता. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरपेक्षा उथळ विहिरीचं पाणी या बाबतीत बरं निघतं. आपला यवतमाळ-चंद्रपूरचा काही भाग, नांदेडकडचा किनवट हे त्यासाठी ओळखले जाणारे पट्टे आहेत.

आकडा कसा वाचायचा? भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरा कुठलाच स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. माझं मत विचाराल तर आपल्याकडे लहान मुलाच्या घरानं १ हीच हद्द मानावी. मे महिन्यात ४५ अंशांत पोरं आणि शेतात राबणाऱ्या बायका तांब्यामागून तांब्या पाणी पितात. थंड हवेत दीड लिटर पिणाऱ्याला जे चालतं ते चार लिटर पिणाऱ्याला चालेलच असं नाही. आणि फ्लोराइड म्हणजे निव्वळ विष, असंही समजू नका. थोड्या प्रमाणात ते दाताला किडीपासून सांभाळतं. अमेरिकेत ज्या गावांच्या पाण्यात ते कमी असतं तिथे पुष्कळ ठिकाणी मुद्दाम घालतात, लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या बेतानं. सगळा प्रश्न मापाचा आहे, आणि माप डोळ्यांना दिसत नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ‘आमचं पाणी गोड आहे’ हे मी प्रत्येक गावात ऐकते. पाणी गोड असेलही. त्यावरून फ्लोराइड कळत नाही.

उकळण्याचं मात्र लगेच थांबवा, निदान फ्लोराइडसाठी तरी. उकळल्यावर पाणी वाफ होऊन उडतं, फ्लोराइड खालीच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. तुमचा हेतू मायेचा होता, पण परिणाम उलटा झाला. फडक्यानं गाळून, मेणबत्तीच्या फिल्टरनं किंवा तुरटी फिरवूनही ते जात नाही. तुरटीवरून तुम्हाला कुणी नालगोंडा पद्धतीचं नाव सांगेल. तुरटी आणि चुना मोजून घालून फ्लोराइड खाली बसवण्याची ही पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं १९७०च्या दशकात काढली, आणि ती खरी आहे. पण पाण्यात फ्लोराइड किती, क्षार किती यावर तुरटीचं माप ठरतं, आणि माप चुकलं तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. गावाच्या टाकीवर जाणकाराच्या देखरेखीखाली ठीक, घरच्या बादलीत अंदाजपंचे करायचं काम नाही.

मग बाळाला काय द्यायचं? सगळ्यात आधी, अंगावर पाजत असाल तर चालू ठेवा. आईनं जास्त फ्लोराइडचं पाणी प्यालं तरी अंगावरच्या दुधात ते अगदी नगण्य उतरतं. निसर्गानं केलेली ही मोठी सोय आहे. वरचं दूध पावडरचं असेल तर ती बोअरच्या पाण्यात कालवू नका. गाईच्या दुधात पाणी घालत असाल तर तेही बोअरचं नको. आणि स्वयंपाकाचं पाणी विसरू नका. बाळाची खिमटी, वरण, भात यांत जे पाणी मुरतं ते पोटातच जातं. पुष्कळ घरांत मी हे पाहते : पिण्याचा जार वेगळा आणतात, आणि डाळ बोअरच्या पाण्यात शिजते.

पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून पाच जणांच्या घराला दिवसाला साधारण २० ते २५ लिटर चांगलं पाणी पुरतं. अंघोळ, धुणं, भांडी, जनावरं यांना बोअर खुशाल वापरा, कातडीतून फ्लोराइड अंगात जात नाही. गावात आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं, केंद्र असेल तर तिथून भरा, फक्त एकदा त्या पाण्याचाही फ्लोराइडचा आकडा मागा, कारण आतला पडदा खराब झाला तरी नळाला पाणी येतच राहतं. ‘थंड पाण्याचा जार’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा नुसतं गार केलेलं असतं. आरओचं पाणी वेगळं आणि नुसतं गार केलेलं वेगळं. यातलं हे कुठलं, ते विकणाऱ्याला तोंडावर विचारा. घरी आरओ घ्यायचा तर घ्या, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं टाकाऊ पाणी पिण्यात किंवा स्वयंपाकात येऊ देऊ नका, त्यात फ्लोराइड जास्त असतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारं पाणी पावसाचं. त्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. १०० चौरस फूट पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळजवळ ९०० लिटर पाणी होतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी पत्रा धुवायला सोडून द्यायचं, मग पन्हळीतून फडकं बांधलेल्या झाकणाच्या टाकीत घ्यायचं. हे पाणी मात्र उकळून द्या, इथे उकळणं उपयोगाचं आहे. वर्षभर नाही पुरणार, पण बाळाचे पावसाळ्याचे चार महिने निघतील. जुन्या विहिरीचा आकडा चांगला आला तर ती उपसून, टीसीएल टाकून, जाळी बसवून घेतली पाहिजे, आणि हे एका घराचं काम नाही. १ मेच्या किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आयांनी मिळून अर्ज द्यावा, अर्जाला अहवालाची प्रत जोडावी. अंगणवाडीत आणि शाळेत पोरं दिवसभर कुठलं पाणी पितात, खिचडी कुठल्या पाण्यात शिजते, तेही त्यात लिहा.

खाण्यापिण्यानं थोडी मदत होते. कॅल्शियम पोटात असलं की फ्लोराइड कमी शोषलं जातं. दही-ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात बांधावरचा तरोटा हे द्या, आणि क जीवनसत्त्वासाठी आवळा-लिंबू. कोरा चहा पोरांना नको. चहापत्तीत फ्लोराइड बरंच असतं आणि तो त्याच पाण्यात उकळलेला असतो. बाळाचे दात आत्ता नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा. त्याला चूळ थुंकता येईपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तुमच्या घरात तरी नको.

आता तुमची लेक. आधी एक ऐका : तिचे दात घाणेरडे नाहीत. ती घासण्यात कुचराई करत नाही. डाग वर चिकटलेला नाही, तो दाताच्या आत आहे. म्हणूनच सहाशे रुपयांच्या सफाईनं तो गेला नाही. त्या सफाईनं दातांवरचं कीटण निघतं, इनॅमलचा रंग नाही. करण्याआधीच तुम्हाला हे सांगायला हवं होतं, त्याचं मला वाईट वाटलं. आणि घरी राख, कोळसा, विटकरीची भुकटी, लिंबू-सोडा, मिश्री यातलं काही घासायला देऊ नका. तिचं इनॅमल आधीच ठिसूळ आहे, ते झिजेल आणि खड्डे वाढतील.

यावर उपाय आहेत. पट्टे वरवरचे असतील तर मायक्रोअब्रेजन करतात : सौम्य आम्ल आणि प्युमिसची बारीक भुकटी यांनी अगदी पातळ थर घासून काढायचा. दातागणिक काही मिनिटांचं काम, सुई नाही. उरलेला फरक नंतर ब्लीचिंगनं कमी करता येतो. ज्या दोन दातांना खड्डे आहेत ते दाताच्या रंगाच्या सिमेंटनं, म्हणजे कंपोझिटनं बुजवून घ्या. ते नुसतं दिसण्यासाठी नाही, खड्ड्यात अन्न अडकून कीड लागते म्हणूनही. तिनं मात्र फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन घासायला हरकत नाही. समोरच्या दातांचं घडणं केव्हाच संपलंय, आता पेस्टनं तिचे दात सांभाळलेच जातील. फक्त गिळायची नाही. कुणी सांगितलं की सगळे दात कोरून कॅप बसवू, तर तेराव्या वर्षी ‘नको’ म्हणा. या वयात दाताची नस मोठी असते, हिरडी अजून सरकायची असते. तशी गरज पडलीच तर अठराव्या वर्षानंतर बघता येईल. खर्च झेपत नसेल तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

सासूबाईंना एक विचारा. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का? बरीच वर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर मान आणि कंबर ताठरतात. जमत नसेल तर वयाचं आहे म्हणून सोडू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा आणि कुठल्या बोअरचं पाणी किती वर्षं प्यालं ते डॉक्टरांना सांगा. मग कदाचित माहेरचा विषयही निघणार नाही.

आणि हे पत्र लेकीला वाचायला द्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलंय. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते तिनं शोधावं, विज्ञानाच्या सरांना सांगून एक दिवस ते किट शाळेत आणावं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. मी पाहिलेल्या किटमध्ये गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकला की फ्लोराइड जास्त. किटचा आकडा ढोबळ असतो, प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच, पण तो रंग बदलताना वर्गातल्या चाळीस पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघितला की डागांवरून कुणी कुणाला चिडवणार नाही. शाळेचं बोअर, जुनी विहीर, तुमच्या शेतातली विहीर आणि पावसाचं पाणी, चार नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. कुठल्या नळीला कुठला रंग आला ते तिनंच लिहून मला पाठवावं.